पंचवीस पक्षी ओळखता येतात ना, मग पॉन्डची नोंद आत्ताच सुरू करा

प्रश्न विचारणाऱ्या ताई वाशीला एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, ड्युटी शिफ्टची, आणि घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर एक होल्डिंग पॉन्ड, म्हणजे पावसाचं पाणी थांबवायला केलेलं तळं, आहे. ह्या पॉन्डवरच्या पक्ष्यांची वर्षभर नोंद ठेवायची असं त्यांच्या दोन वर्षं मनात आहे, पण सुरुवात होत नाहीये. त्यांचं म्हणणं असं की मला जेमतेम २५-३० पक्षी ओळखता येतात, पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधले लोक नुसत्या आवाजावरून नाव सांगतात, माझ्याकडे मोठा कॅमेरा नाही, शिफ्टमुळे रोज ठरलेल्या वेळी जाता येत नाही, सासूबाई म्हणतात त्या डबक्यात बघायचं काय. तर आधी एखादा कोर्स करून नीट शिकू आणि मग सुरू करू का, आणि माझ्याकडून चुकीची माहिती गोळा झाली तर?

ताई, सरळच सांगते, थांबू नका. येत्या ऑफच्या दिवशी जाऊन पहिली नोंद करा. कोर्स करायचा तर जरूर करा पण तो चालू कामाच्या जोडीला, आधी नाही.

ह्याचं कारण तुम्हाला धीर द्यायचा म्हणून नाही सांगत, कामाचं कारण आहे. पक्षी ओळखायला तुम्ही पुढच्या वर्षी शिकाल, पाच वर्षांनी शिकाल, ते कधीही होईल. पण ह्या ऑक्टोबरात तुमच्या पॉन्डवर कोण होतं, किती होतं, हे पुढच्या ऑक्टोबरात कोणालाच सांगता येणार नाही, कितीही मोठा तज्ज्ञ आणून उभा केला तरी. ते गेलं की गेलंच. मी ठाण्यात इतकी वर्षं ह्या कामात आहे, ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी ही नावं सगळ्यांना पाठ आहेत, आणि तलावाकाठी वाढलेल्या जुन्या लोकांना विचारलं की काका पूर्वी इथे काय काय यायचं हो, तर बहुतेक वेळा उत्तर येतं “अगं खूप पक्षी यायचे”. खूप म्हणजे किती, कोणते, कुठल्या महिन्यात, कधीपासून कमी झाले, काही नाही. ही माणसं रोज तलावावर फिरायला जायची, डोळ्यांसमोर सगळं होतं, फक्त कोणी वहीत लिहिलं नाही कारण प्रत्येकाला वाटलं की हे आपलं काम नव्हे, हे कोणीतरी शिकलेला माणूस करत असेल. मला ह्याचं फार वाईट वाटतं. तुमच्या पॉन्डचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

आता अनुभवाचं. तुम्ही म्हणता अनुभव नाही, मला तर उलट वाटतं की ह्या कामाला जी सवय सगळ्यात जास्त लागते ती तुम्हाला आधीच आहे. वॉर्डमध्ये तुम्ही टीपीआर चार्ट भरता ना, टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन, ठरलेल्या वेळी, पेशंट बरा दिसत असला तरी भरता. निदान डॉक्टर करतात, पण चार्ट नसेल तर डॉक्टर तरी कशावरून सांगणार की ताप कधी चढला. पॉन्डची नोंद म्हणजे त्या पॉन्डचा चार्ट आहे. जे दिसलं ते, जेव्हा दिसलं तेव्हा, आपल्या मनाचं न घालता. पक्ष्यांची दीडशे नावं येणारे पण हे न जमणारे लोक मी खूप बघितलेत, त्यांची एक वही सुरू होते, एखादा दुर्मीळ पक्षी दिसला की दोन पानं भरतात आणि मग साळुंकी, ढोकरी (तळ्याकाठचा मातकट बगळा) काय लिहायची म्हणून पुढचे दोन महिने कोरे. अशा वहीचा पुढे कोणालाच काही उपयोग होत नाही.

आणि २५-३० पक्षी म्हणजे कमी नाहीत. नवी मुंबईतल्या साधारण होल्डिंग पॉन्डवर एका फेरीत दिसणाऱ्या जाती बहुतेक वेळा तेवढ्यातच बसतात. ढोकरी, लहान बगळा, गाय बगळा, रातबगळा, लहान पाणकावळा, टिबुकली, पांढऱ्या छातीची पाणकोंबडी, शेकाट्या (लांब गुलाबी पायांचा), टिटवी, तुतवार, खंड्या, वेडा राघू, कोतवाल, साळुंकी, बुलबुल, घार, कावळा, कबूतर, भारद्वाज, दयाळ, हिवाळ्यात धोबी. झाले की नाही वीसच्या वर? ह्यातले बरेचसे तुम्हाला आत्ताच येतात असं तुम्हीच लिहिलंय. अख्ख्या महाराष्ट्राचे पक्षी येत नाहीत म्हणून तुम्ही अडून बसलात, पण तुमचा प्रोजेक्ट महाराष्ट्राचा नाहीये, एका पॉन्डचा आहे. प्रोजेक्ट जेवढा लहान तेवढा अनुभव कमी पुरतो. आणि एका जागी परत परत गेलं की ती जागाच शिकवते, कारण तेच पक्षी वेगवेगळ्या उजेडात, वेगवेगळ्या महिन्यांत दिसत राहतात. तीच ढोकरी बघा, बसलेली असते तेव्हा मातकट, चिखलात दिसत पण नाही, उडाली की एकदम पांढरीशुभ्र, आणि विणीचा काळ जवळ आला की पाठीवर गडद तांबूस मरून रंग चढतो. नवीन माणूस ह्याला तीन पक्षी समजतो. चार महिने एकाच पॉन्डवर गेलेला माणूस नाही समजत.

आता जे ओळखता येत नाही त्याचं काय, कारण खरी भीती तिथेच आहे. त्याचं उत्तर इतकं सोपं आहे की लोकांना पटत नाही. नाव न टाकता लिहायचं. “माहीत नाही” ही सुद्धा नोंदच आहे. फक्त नुसतं माहीत नाही असं लिहून सोडायचं नाही, जे दिसलं ते लिहायचं. वहीतली अशी नोंद कशी दिसेल बघा:

“सकाळी ७.१०, भरती. उत्तरेकडच्या कडेला चिखलात १ पक्षी. साळुंकीपेक्षा किंचित लहान. पाठ तपकिरी, पोट पांढरं, खांद्याजवळ पांढरा रंग वर घुसलेला. चोच सरळ, डोक्याएवढी. चालताना शेपटीकडचा भाग सतत वरखाली. उडाला तेव्हा पाण्याला लागून, पंख ताठ, मधेच थरथर. बारीक तीन-चार शिट्ट्या.”

हे ज्याने लिहिलं त्याला नाव येत नव्हतं, पण कोणीही जाणकार माणूस हे वाचून फोटो न बघता सांगेल की हा तुतवार आहे. ते खांद्याजवळचं पांढरं आणि सतत हलणारं बूड, बस. तेव्हा चार गोष्टींची सवय लावून घ्या, आकार (चिमणी, साळुंकी, कावळा, घार ह्यांच्याशी तुलना करून), चोच आणि पाय, काय करत होता, आणि नक्की कुठे होता, म्हणजे पाण्यात, चिखलात, कडेच्या खारफुटीत की वायरवर. रंग शेवटी, कारण सकाळच्या तिरप्या उन्हात रंग फार फसवतात. आणि हे तिथे उभं राहूनच लिहायचं, घरी येऊन पुस्तकातलं चित्र बघून लिहायला बसलं की आपण नकळत चित्रातलंच लिहितो.

ई-बर्ड, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट, तुम्ही वापरत नसाल तर वापरायला लागा, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-अभ्यासाच्या लॅबने २००२ मध्ये सुरू केलेलं आहे, फुकट आहे, फोनवर ॲप आहे, आणि आपल्याकडे आता भरपूर लोक त्यावर याद्या टाकतात. यादी संपवताना ते एक प्रश्न विचारतं की ही यादी पूर्ण आहे का. नवीन लोक इथे घाबरून “नाही” दाबतात, कारण त्यांना वाटतं आपल्याला सगळे कुठे ओळखता आले. पण तो प्रश्न असा आहे की तुम्हाला जे ओळखता आले ते सगळे लिहिलेत का. म्हणजे दोन पक्षी नाही ओळखता आले तरी यादी पूर्णच. अपूर्ण कधी, तर तुम्ही कावळे-कबुतरं मुद्दाम सोडून दिलीत तेव्हा. आणि अभ्यासाला सगळ्यात जास्त उपयोग पूर्ण यादीचाच होतो, कारण त्यातूनच कळतं की अमुक पक्षी त्या दिवशी दिसला नाही. शिवाय जात नक्की नसेल तर नुसतं “बगळा, जात नक्की नाही” असं टाकायची सोय आहे, आकडा मोजता आला नाही तर फक्त होता एवढंच एक फुली टाकून सांगता येतं. ही सोय कच्च्या लोकांसाठी काढलेली पळवाट नाही, मुरलेले लोक रोज वापरतात.

चूक झाली तर काय होतं? काही आभाळ कोसळत नाही. त्या भागात, त्या महिन्यात सहसा न दिसणारा पक्षी तुम्ही टाकलात किंवा आकडा फारच मोठा टाकलात तर ॲपच विचारतं की नक्की का, आणि मग त्या भागाच्या नोंदी तपासणारा एखादा जाणकार, हे सगळे स्वयंसेवक असतात, तुम्हाला मेल करून विचारतो की कसा होता, फोटो आहे का, कशावरून ओळखला. अशा मेलने कितीतरी लोक दुखावले जातात आणि काम सोडून देतात. ती तपासणी आहे, उलटतपासणी नाही. वर दाखवली तशी वहीतली नोंद असेल तर तीच उत्तर म्हणून पाठवा आणि ते म्हणाले की हे बहुतेक अमुक असावं तर बदला. फुकटात मिळणारी शिकवणी आहे ती.

गोंधळ जास्त करून पांढऱ्या बगळ्यांत होईल, ते आत्ताच सांगून ठेवते. लहान बगळा म्हणजे काळी चोच, काळे पाय आणि बोटं मात्र पिवळी, चिखलातून पाय उचलला की दिसतात. गाय बगळा म्हणजे आखूड मान, पिवळी चोच, विणीच्या काळात डोकं-मान नारिंगी. मोठा आणि मध्यम ह्यांत सगळेच गोंधळतात, तिथे तोंडाची रेष बघायची, मोठ्या बगळ्याची रेष डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच थांबते. आणि आपल्या खाडीकाठी सागरी बगळासुद्धा असतो, त्याचा करडा रंग लगेच कळतो पण तो पांढऱ्या रंगातही असतो आणि मग लहान बगळ्यासारखाच वाटतो. लांबून नाही कळलं तर “बगळा” लिहून पुढे जा. खरंच.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं त्यावर येते, आणि तुमच्या प्रश्नात ते नव्हतंच. अनुभव कमी असताना प्रोजेक्ट वाचतो तो नियम साधे आणि पक्के ठेवल्यामुळे. “पॉन्डवरच्या जैवविविधतेचा अभ्यास” असं नाव देऊ नका, त्याच्या वजनानेच माणूस दोन महिन्यांत बसतो. एकच प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, शेकाट्या माझ्या पॉन्डवर कधी येतात, किती असतात आणि कधी जातात. बाकीचे पक्षी लिहायचेच, पण डोक्यात प्रश्न हा एक. मग दोन-तीन जागा ठरवा जिथून पॉन्डचा बराचसा भाग दिसतो, प्रत्येक ठिकाणी १५ मिनिटं उभं राहायचं, दरवेळी त्याच जागा, त्याच क्रमाने. दिवस भरपूर आहे आणि पक्षी मस्त दिसतायत म्हणून तासभर जास्त थांबलात तर ते वेगळं लिहायचं, त्या १५ मिनिटांत मिसळायचं नाही. नाहीतर नंतर कळणारच नाही की नोव्हेंबरात पक्षी वाढले की तुमचा वेळ वाढला.

आणि भरती-ओहोटी. तुमचा पॉन्ड खाडीकाठच्या भागातला आहे म्हणून हे फार महत्त्वाचं. नवी मुंबईचा बराच भाग सखल, भराव घातलेला, म्हणून सिडकोने हे पॉन्ड केले, भरतीच्या वेळी दारं बंद राहून पावसाचं पाणी पॉन्डमध्ये थांबतं आणि ओहोटीला खाडीत जातं. पक्ष्यांचं गणित ह्याला जोडूनच चालतं. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा चिखलात चरणारे पक्षी तिकडे असतात, भरतीला तो चिखल पाण्याखाली गेला की ते आत येऊन पाणथळीत, उथळ पॉन्डमध्ये बसतात. फ्लेमिंगोसुद्धा असेच करतात, नेरूळकडचे लोक दर हिवाळ्यात बघतात. म्हणजे तुम्ही एका रविवारी ओहोटीला गेलात आणि १० पक्षी दिसले, पुढच्या रविवारी भरतीला गेलात आणि २०० दिसले, तर तुम्हाला वाटेल की स्थलांतर सुरू झालं, आणि झालेलं काहीच नसेल, फक्त खाडीत पाणी चढलेलं असेल.

म्हणून नियम असा करा की पूर्ण भरतीच्या तासभर आधी ते तासभर नंतर ह्या वेळातच मोजायचं, अर्थात उजेडात. आणि आता बघा, तुमच्या शिफ्टची अडचण होती ना की रोज ठरलेल्या वेळी जाता येत नाही? भरतीची वेळच रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. घड्याळाच्या वेळेला बांधलेला माणूस इथे उलट अडकला असता. तुम्ही महिन्याच्या ड्युटी रोस्टरशेजारी भरतीचं कोष्टक ठेवा, ज्या दिवशी ऑफ किंवा मोकळी सकाळ-दुपार आहे आणि भरती उजेडात आहे त्या दिवसांवर खूण करा, महिन्याला तीन-चार दिवस निघतातच. तेवढे पुरेत. जमलं तर भर दुपार टाळा, उन्हात पक्षीही गप्प आणि आपणही.

कोष्टक नेटवर मिळतं पण सासूबाई जर गावठाणातल्या, आगरी किंवा कोळी घरातल्या असतील तर त्यांना विचारून बघा, खाडीकाठच्या जुन्या माणसांना तिथीवरून भरती सांगता येते. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर ६, पंचमी असेल तर पावणेचार, अमावस्या-पौर्णिमेला १२ च्या सुमारास. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या बाजूला भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. हेही वहीत लिहा, कारण उधाणाच्या दिवशी खाडीचा चिखल जास्त बुडतो. ज्या डबक्यात बघायचं काय म्हणतात त्याच डबक्याचं निम्मं शास्त्र त्यांना कदाचित तोंडपाठ असेल.

अजून एक, शून्य लिहायचं. हे मी शिकवताना परत परत सांगते तरी लोक विसरतात. तुम्ही ऑगस्टात गेलात आणि एकही शेकाट्या नाही, तर “शेकाट्या ०” असं लिहायचं. नोंद करण्यासारखं काही नव्हतं म्हणून ते पान कोरं सोडलं तर पुढे तुम्हाला शेकाट्या आल्याची तारीख सांगताच येणार नाही, कारण आल्याची तारीख म्हणजे शेवटचं शून्य आणि पहिला आकडा ह्यांच्यामधला काळ. शेवटचं शून्य २० तारखेला आणि पहिले ६ पक्षी २८ ला, म्हणजे त्या आठवड्यात आले. शून्यच नसेल तर “ऑक्टोबरात दिसले” एवढंच, आणि ते सप्टेंबरात आले नव्हते कशावरून? हिवाळी पाहुणे आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर यायला लागतात, तुतवार तर जुलैअखेर-ऑगस्टातच दिसायला लागतो, धोबी पाऊस सरताना. म्हणून हिवाळा सुरू झाल्यावर करू असं पण नको. पावसातल्या रिकाम्या फेऱ्यांनीच हिवाळ्याच्या आकड्याला अर्थ येतो.

सामानाचं थोडक्यात. कॅमेरा नसला तरी चालतं. दुर्बीण मात्र बरी असू द्या, ८ बाय ४२ घ्या, म्हणजे ८ पट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची असते, १० पटवाली हातात जास्त हलते. आत्ता पैसे घालायचे नसतील तर आहे त्या दुर्बिणीवर तीन महिने काढा. वही रेघांची, साधी, आणि पेन्सिल, कारण पावसात बॉलपेन रुसतं. मर्लिन ॲप आवाजावरून नाव सुचवतं, शिकायला चांगलं आहे, पण पक्षी स्वतः बघितल्याशिवाय किंवा आवाज स्वतःला पटल्याशिवाय ॲपने दाखवलं म्हणून वहीत चढवू नका.

ग्रुपमधल्या लोकांचं. त्यांना आवाजावरून नाव सांगता येतं म्हणून तुम्हाला कमीपणा वाटतो, मी समजू शकते. पण त्यातले बरेचजण आज येऊर, उद्या भांडुप, परवा उरण असे फिरणारे असतात, तुमच्या पॉन्डवर दर भरतीला उभं राहणारं त्यांच्यात कोणी नसतं. सहा महिन्यांनी त्या पॉन्डबद्दल त्यांना तुम्हाला विचारावं लागेल, अगदी खरं सांगते. त्यांची मदत मात्र जरूर घ्या, आणि ती घ्यायची पद्धत आहे. धूसर फोटो टाकून “हा कोणता?” असं विचारलं की एका शब्दाचं उत्तर येतं आणि तुम्ही काहीच शिकत नाही. त्याऐवजी वहीतलं वर्णन टाका, मला हा अमुक वाटतो कारण असं असं, पण चोचीमुळे शंका आहे, असं विचारा. मग चांगली माणसं वेळ काढून समजावतात, आणि कुणी हिणवलंच तर त्याच्याकडे परत विचारायला जाऊ नका, बास. शक्य असेल तर हंगामात एकदा ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन या, भरतीच्या वेळी तिथून खाडीत बोटी जातात, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. तुमच्या पॉन्डवर भरतीला येणारे काही पक्षी तिथलेच असू शकतात, ते तिथे बघितले की हे दोन्ही कसं जोडलेलं आहे ते डोळ्यांना कळतं.

पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचं नाव सगळे घेतात, म्हणून मी त्यांचं एकच काम सांगते जे मला ह्या बाबतीत फार जवळचं वाटतं. १९३० मध्ये ते बर्लिनहून पक्षीशास्त्र शिकून परत आले तेव्हा मुंबईतल्या म्युझियममधली त्यांची नोकरी पैशाअभावी बंद झालेली होती, विद्यापीठाची डिग्री त्यांच्याकडे नव्हती त्यामुळे दुसरी जागा मिळायची पंचाईत. मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले, आणि घराजवळच सुगरण पक्ष्यांची घरटी होती, तीच बघायला लागले. तिथून त्यांनी लिहून काढलं की सुगरणीचा नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर राहते, मग तो ते पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरं बांधायला घेतो. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) जर्नलमध्ये ते छापून आलं. ज्या पक्ष्याची घरटी कोकणात शाळेतली मुलंसुद्धा दाखवतात त्याच्याबद्दल हे! त्यांच्याकडे शिक्षण होतं हे खरं, आपली त्यांच्याशी तुलना करायची नाहीये, पण त्या कामाला लागली ती एक जागा, एक पक्षी आणि रोज बघून लिहिणं.

आणि तुमच्या नोंदीचा उपयोग काय होईल ते पण सांगते, कारण वर्ष-दीड वर्षाने थकवा येतो तेव्हा हे माहीत असलेलं बरं. नवी मुंबईत पॉन्डमध्ये गाळ साठलाय, खारफुटी वाढलीये, पावसात पाणी तुंबतं म्हणून गाळ काढा असं एक बाजू म्हणते आणि पक्षी जातील म्हणून हात लावू नका असं दुसरी. दोघांचं म्हणणं खरं आहे, ज्याच्या तळमजल्यात पाणी शिरतं त्याला पक्ष्यांचं काय सांगणार. पण अशा वेळी ज्याच्याकडे दोन वर्षांचे महिनावार आकडे आहेत तो माणूस सांगू शकतो की ह्या कोपऱ्यात नोव्हेंबर ते मार्च सगळ्यात जास्त पक्षी असतात आणि त्या दुसऱ्या कोपऱ्यात जवळपास कधीच नसतात, तर काम करायचंच असेल तर तिथून आणि अमुक महिन्यात सुरू करा. इतकं नेमकं बोलणारा माणूस चर्चेत क्वचित असतो. तो तुम्ही होऊ शकता आणि त्यासाठी तुम्हाला पक्षीतज्ज्ञ असायची गरज नाही, वही असायची आहे.

दोन काळजीच्या गोष्टी. एकट्या पहाटे जाऊ नका, जॉगिंग ट्रॅकवर माणसं असतात ती वेळ धरा नाहीतर कोणाला तरी सोबत घ्या, आणि बघायच्या जागा ट्रॅकवरच्याच ठरवा, खारफुटीच्या चिखलात उतरायचं नाही, वरून घट्ट दिसतो आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो. दुसरं म्हणजे पक्षी उडवून मोजायचे नाहीत आणि कोणी फोटोसाठी उडवत असेल तर त्याला शांतपणे सांगा. घरटं दिसलं तर वहीत लिहा पण ग्रुपवर जागा टाकू नका.

थवा कसा मोजायचा हे तुम्हाला पहिल्याच हिवाळ्यात लागेल. २०० पक्षी एकेक करून मोजायला गेलं की मधेच हलतात. १० पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरा, मग तेवढे तेवढे तुकडे थव्यावर टाकत जा. दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. १८० आणि २१० आले तरी काही बिघडत नाही, दोन्ही लिहिले म्हणजे तुमचा अंदाज किती सैल आहे तेही कळतं. सरावासाठी रोज संध्याकाळी वायरवर बसलेल्या साळुंक्या मोजा.

शेवटचं शिफ्टबद्दल. लागोपाठ नाइट आल्या, अंगात त्राण नाही, दोन आठवडे जाता आलं नाही, असं होणारच. तेव्हा वहीत लिहा “१२ ते २६, गेले नाही”, आणि पुढच्या खुणेच्या दिवशी जा. मागचं आठवून भरायचं नाही, शेजारणीने सांगितलं म्हणून भरायचं नाही. असा खंड पडला की बरेचजण आता काय उपयोग म्हणून सोडून देतात, पण नंतर आकडे बघणाऱ्याला खंड दिसला तर तो बाजूला ठेवता येतो, अंदाजाने भरलेला आकडा मात्र ओळखूच येत नाही. पहिले तीन महिने कोणाला दाखवायचं नसेल तर दाखवू नका. तीन महिने झाले की न ओळखता आलेल्या पक्ष्यांची पानं तेवढी मला पाठवा, नावं आपण मिळून लावू.